दोन चहा पाच जणांत

आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी लहान व्यापाऱ्याला वाचवायचं काम चालतं. काम कष्टाचं असल्यामुळे आम्ही ते बसून करतो. बसायला चहावाल्या मामांचा बाक आहे, डोक्यावर मामांच्या टपरीचा पत्रा आहे, वाचायला मामांचा पेपर आहे आणि बोलून घसा सुकला तर मामांच्याच माठातलं पाणी आहे. तास-दीड तासानं कुणाच्या तरी मनाला लागतं आणि मग दणक्यात ऑर्डर सुटते, "मामा, दोन चहा पाच जणांत!"

त्या दिवशी चर्चा जरा जास्तच तापली होती. मॉल आले, मोबाइलवर बोट टेकवलं की घरपोच साबण यायला लागला, पेठेतल्या दुकानांनी माना टाकल्या आणि महापालिका हातावर हात धरून बसली आहे, असा एकूण सूर होता. आमच्यातले एकजण बँकेतून निवृत्त झाले आहेत. लहान धंद्याला कर्ज का देता येत नाही, हे त्यांनी नोकरीभर लोकांना शांतपणे समजावून सांगितलं. त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार कुणी नाकारत नाही. दुसऱ्यांचा चुलतभाऊ साड्यांच्या दुकानात कामाला होता. मी स्वतः जन्मभर एक तारखेला पगार उचललेला माणूस. कोल्हापुरात ज्यानं कधी अंगाला माती लावली नाही तो कुस्तीवर जास्त बोलतो. त्याच न्यायानं धंद्यावर माझ्याइतकं जोरात बोलणारा कट्ट्यावर दुसरा नाही.

"महापालिकेनं काहीतरी ठोस केलं पाहिजे," बँकवाले म्हणाले.

"महापालिका करंल तवा करंल," मामा पातेलं उतरवत म्हणाले, "तुम्ही जरा सरकून बसलासा तर दोन गिऱ्हाइकं टेकतील माझी."

मामांना प्रश्नाची व्यापक बाजू दिसत नाही, यावर आमचं ताबडतोब एकमत झालं.

हे सगळं बोलण्यावारी भागलं असतं. पण आमच्या मेहुण्यानं घोळ केला. तो उद्यमनगरात एका फाउंड्रीत होता. काम कमी झालं, पाळ्या कमी झाल्या, मग माणसं कमी झाली, त्यात हाही घरी बसला. चार दिवस घरात बसून त्यानं भडंगाची गाडी टाकायचं ठरवलं.

त्याचं भडंग ही चेष्टेची गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लोखंडी कढईत तेल तापलं की तो आधी शेंगदाणे तळून बाजूला काढतो. मग ठेचलेला लसूण सालासकट तेलात सोडतो. लसूण लालसर झाला आणि कढीपत्ता तडतडला की गॅस बंद. बंद म्हणजे पूर्ण बंद. त्यानंतर हळद, तिखट, मीठ, चिमटीभर पिठीसाखर आणि वरून चुरमुरे. चालू गॅसवर तिखट टाकलं की ते करपतं आणि सगळी गल्ली खोकायला लागते. हा टाकतो तेव्हा गल्ली खोकत नाही, वाट्या घेऊन दारात येते.

"दाजी, कागद काय काय लागत्यात?" त्यानं मला विचारलं.

इतकी वर्षं कट्ट्यावर साठवलेलं ज्ञान वापरायची वेळ आली होती. मी शर्टाची बाही सारली. शॉप ॲक्टपासून सुरुवात केली. त्यासाठी किती खेटे घालावे लागतात, कुणाला भेटावं लागतं, कुणाच्या हातात शिक्का असतो, हे सगळं मी त्याला रंगवून सांगितलं. तो गुपचूप मोबाइलवर काहीतरी टिपत होता. मला वाटलं, मुद्दे लिहून घेतोय. माझं संपल्यावर म्हणाला, "झालं की, दाजी. पावती पण आली."

निघालं असं, की 2017 च्या नव्या कायद्यापासून मोजकीच माणसं कामाला असणाऱ्या दुकानानं नुसती ऑनलाइन सूचना दिली की काम होतं. अन्न परवान्याची नोंदणीही तशीच, घरात बसून. मला मनापासून वाईट वाटलं. सरकारी काम एवढं सोपं झालं तर आमच्यासारख्या जाणत्या माणसांनी करायचं काय?

पण देव असतो. धंदा मोबाइलवर नोंदवता आला तरी मोबाइलवर थाटता येत नाही. गाडीला चाकं लागतात आणि चाकांखाली जमीन लागते. जमिनीचा प्रश्न निघाल्यावर मेहुण्याचं नेट बंद पडलं आणि माझं चालू झालं.

फेरीवाल्यांसाठी संसदेनं 2014 साली कायदा केला. वाचायला फार सुंदर कायदा आहे. शहरातल्या फेरीवाल्यांचं दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण करायचं. त्यात आलेल्यांना प्रमाणपत्र द्यायचं. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं हातात पडेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत लोकांना सामावून घ्यायचं. नगर पथविक्रेता समिती नेमायची आणि तिच्यात किमान 40 टक्के माणसं फेरीवाल्यांतलीच, त्यांतही एक तृतीयांश बायका. मी हे कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मामांनी पातेल्यातलं लक्ष काढून विचारलं, "हे आपल्याकडलं हाय?"

मी मेहुण्याला घेऊन चौकशीला गेलो. कुठल्या कार्यालयात, ते सांगत नाही. ते कुठल्याही गावातलं असू शकतं आणि निम्म्या वाचकांना ते आपल्याच गावातलं वाटेल.

"सर्वेक्षणात नाव आहे का?" टेबलापलीकडून प्रश्न आला.

"नाही. अजून गाडी लावलीच नाही."

"मग नाव कसं येणार? गाडी लावलेली पाहिजे."

"लावतो की. परवानगी द्या."

"परवानगी सर्वेक्षणात नाव असलेल्यांना."

"आणि परवानगीशिवाय लावली तर?"

"ते अतिक्रमण."

"सर्वेक्षणाला जे येतात, ते अतिक्रमण मोजतात का?"

साहेब काही वेळ पंख्याकडे बघत राहिले. "तेच मोजतात," ते म्हणाले, आणि आपण भलतंच बोलून गेलो हे लक्षात येऊन जेवायला उठले. दोन सर्वेक्षणांच्या मध्ये धंदा सुरू करू बघणाऱ्यालाही त्याच कायद्यात सोय ठेवलेली आहे, हे मी घरी येऊन वाचलं. पण तोवर साहेबांचं जेवण सुरू झालेलं होतं आणि जेवणाऱ्या माणसाला कलम दाखवू नये, एवढे संस्कार आमच्यावर आहेत.

बँकवाल्यांनी कर्जाची बाजू सांभाळली. पीएम स्वनिधी नावाची योजना 1 जून 2020 ला आली, कोरोनानं रस्ते रिकामे केले होते तेव्हा. पहिल्यांदा 10 हजार मिळायचे, आता 15 मिळतात. ते फेडले की 25, मग 50 हजार. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात सात टक्के सूट. महापालिकेचं प्रमाणपत्र नसेल तर निदान तिचं शिफारसपत्र लागतं. मला या योजनेत पहिलं फेडल्याशिवाय दुसरं मिळत नाही हे फार आवडलं. आमच्या कट्ट्याची मामांकडची खातेवही बरोब्बर उलट्या तत्त्वावर चालते.

या योजनेमुळे झालं एवढंच, की मामांनी कर्जाबरोबर तो बोलका डबाही घेतला. क्यूआर कोड आणि डबा. पूर्वी आम्ही रुबाबात उठायचो, हात हवेत हलवायचो आणि मामा समजायचे की मांडून ठेवायचं आहे. बघणाऱ्याला वाटायचं की साहेबांनी पैसे दिले. आता डबा बोलेपर्यंत सगळी पेठ कान देऊन थांबते. परवा मी समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांसमोर मोठ्या ऐटीत मोबाइल पुढे केला आणि डबा स्वच्छ बाईच्या आवाजात ओरडला, "पाच रुपये प्राप्त झाले." दोन चहा पाच जणांत घेतल्यावर माझ्या वाटणीला तेवढेच येत होते. डॉक्टरांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

दरम्यान मेहुणा म्हणाला, "बाकीचे करत्यात तसं करू, दाजी. लावू गाडी, बघू काय हुतंय."

काय होतं हे मला ठाऊक होतं. अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी येते. "गाडी आली!" हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात फुटपाथवर उच्चारून बघा. एकदा रंकाळ्याच्या काठाला मी भेळ सांगितली होती. तिखट जास्त, कांदा जास्त. शंभराची नोट दिली. त्यानं पातेल्यात चुरमुरे घेतले, चिंचेचं पाणी सोडलं, कालवायला डाव घातला आणि कुठूनतरी शिट्टी आली. पुढच्या क्षणाला सगळी रांग उठून चालायला लागली. कणसंवाला पेटत्या शेगडीसकट निघाला, त्याच्या मागे ठिणग्यांची शेपूट. आइस्क्रीमवाला घंटा वाजवत पळत होता, ती सवयीनं वाजत होती की मदतीसाठी, कळायला मार्ग नव्हता. माझा भेळवाला एका हातानं गाडी ढकलत आणि दुसऱ्या हातानं माझी भेळ कालवत पुढे गेला. "सायेब, या की मागनं!" तो ओरडला.

भेळ त्याच्याकडे, सुट्टे पैसे त्याच्याकडे. मी पळालो. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत डायरी. पुढच्यांनी वळून बघितलं आणि त्यांना वाटलं की साहेब स्वतः मागे लागलेत. सगळे दुप्पट वेगानं सुटले. मी "थांबा, थांबा!" म्हणून जेवढा ओरडत होतो तेवढी रांग लांब जात होती. एक गजरेवाली म्हातारी तर गजरे माझ्या हातात कोंबून गल्लीत शिरली. शेवटी एका बोळात भेळवाला सापडला. त्यानं भेळ दिली, सुट्टे दिले आणि म्हणाला, "पळता पळता झकास कालवली गेली बघा." शिट्टी वाजवली होती ती सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या एका मंडळानं, आणि आली होती ती गाडी पाण्याचा टँकर होता.

गजरे घेऊन घरी गेलो. त्याचं काय झालं, तो वेगळा लेख आहे.

आता यात दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी, म्हणून कट्ट्यावर एका कपड्यांच्या दुकानदाराला बोलावलं. ते तावातावानं म्हणाले, फेरीवाल्यांनी दुकानाचं तोंड बंद केलंय, गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही. आम्ही हळहळलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानावरून गेलो. दुकानाच्या पायरीपुढे त्यांचे साडी नेसलेले चार पुतळे उभे होते, पुतळ्यांच्या पुढे सेलचं टेबल, टेबलाच्या पुढे त्यांची स्कूटर. फेरीवाला बिचारा त्याच्याही पुढे, जवळजवळ समोरच्या दुकानात. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "शेटच्या दारात बसतो, म्हणून म्हयन्याला भाडं देतो की त्येंना."

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला आजवर सरकारकडून जे काही मिळालं, त्यात मिळण्यापेक्षा रद्द होण्याचा वाटा मोठा आहे. जकात होती, ती जाऊन 2011 साली एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. तो जावा म्हणून दुकानं बंद ठेवून झाली. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालच्या उलाढालीवरचा तोही गेला. त्याच वर्षाअखेर शहरातल्या रस्त्यांवरचा टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. त्यासाठी या गावानं जे मोर्चे काढले, ते बघून बाहेरगावच्या लोकांना वाटलं असेल की कोल्हापुरात दुसरं काही कामच नसतं. काही सुरू करा म्हणून मागणी केली तर मोर्चाला माणूस गोळा करावा लागतो. रद्द करा म्हटलं की माणूस चप्पल न घालता येतो.

आणि मग पाऊस. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका. पावसाळ्यात आमच्याकडे एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात. 2005, 2019, 2021 या सालांच्या पुरांत व्यापारी पेठांतला माल जिन्यावरून वर गेला तेवढा वाचला. 2021 च्या पुरानंतर सरकारनं दुकानदाराला 50 हजारांपर्यंत आणि टपरीवाल्याला 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. मदत म्हटली की पंचनामा आला. एका टपरीवाल्याच्या पंचनाम्याची गोष्ट कट्ट्यावर सांगतात, खरीखोटी कट्टा जाणे.

"टपरी कुठं आहे?"

"व्हावून गेली, सायेब."

"कुठं?"

"खाली. शिरोळकडं गेली आसंल."

"मग पंचनामा शिरोळ तालुक्यात होणार. टपरी होती याला पुरावा?"

"लायसन हुतं की."

"दाखवा."

"टपरीत हुतं."

या गावाला लहान धंदा कसा उभा करायचा ते माहीत नाही, असं कुणी म्हणू नये. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तिथं पुढे गुळाचा बाजार फुलला. 1906 साली सूतगिरणीचा पाया घातला. पण मला विचाराल तर त्यांची सगळ्यात मोठी व्यापारी योजना भाऊसिंगजी रोडवरच्या एका चहाच्या हॉटेलाची. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, पाण्याला शिवले म्हणून, सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला सांगून मदत केली. 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर महाराज आले. भर रस्त्यात आपली गाडी थांबवायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचा. छत्रपतीच पितात म्हटल्यावर नाक मुरडायची सोय राहिली नाही. 1922 साली महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक उभं करायला पुढे आले ते गंगाराम कांबळेच.

महापालिकेची मुख्य इमारत त्याच भाऊसिंगजी रोडवर आहे. मी कट्ट्यावर कल्पना मांडली, की महाराजांना तोच चहा आजच्या रीतीनं प्यायचा असता तर? बँकवाल्यांच्या अंगात लगेच जुनी नोकरी संचारली. त्यांनी तिथल्या तिथे फाइल तयार केली. विषय: मा. महाराजांनी चहा पिणेबाबत. प्रस्तावास तत्त्वतः मान्यता. चहासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे किंवा कसे, याबाबत लेखा विभागाचा अभिप्राय. तीन दरपत्रकं मागवावीत. हॉटेल एकच असल्यामुळे फेरनिविदा. गाडी रस्त्यात उभी करण्यास वाहतूक शाखेची ना-हरकत. दूध आणि साखर एकाच देयकात का दाखवली, असा लेखापरीक्षकांचा आक्षेप. खुलासा. खुलाशावर आक्षेप. चहा पावसाळी अधिवेशनानंतर.

"तवर गंगाराम बंद झालं असतं," मामा म्हणाले. त्या दिवशी मामा पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसले. आम्हीही मोठ्या मनानं त्यांना त्यांच्या बाकावर जागा दिली.

मग आम्ही त्यांना थेट विचारलं, तुमच्यासाठी महापालिकेनं काय करावं?

"जागा एकदा ठरवून द्यावी, मग हलवू नये," मामा म्हणाले. "कोपऱ्यावरचा दिवा गेलाय तो लावावा. त्या भाजीवाल्या बायका सकाळी सहाला येऊन बसत्यात, त्यास्नी जवळपास संडास न्हाई. आणि हापिस सुटल्यावर सायेब लोकांनी हिकडं येऊन च्या प्यावा. रोख."

एवढंच? आम्ही एकमेकांकडे बघितलं. मुद्दे अगदीच किरकोळ होते. त्यावर परिसंवाद घेता आला नसता, फ्लेक्स लावता आला नसता. चुलतभाऊवाल्यांनी चर्चा पुन्हा योग्य पातळीवर नेली. त्यांच्या मते स्थानिक व्यापाऱ्यांसाठी भव्य महोत्सव भरवायला हवा. लगेच आखणी सुरू झाली. मांडव पुण्याचा, लाइट मुंबईचे, सूत्रसंचालनाला टीव्हीवरची कुणीतरी, जेवणाचं कंत्राट सांगलीच्या केटररला, कारण तो बँकवाल्यांच्या ओळखीचा. स्थानिक व्यापाऱ्यांना स्टॉलचं भाडं फक्त पंचवीस हजार.

"आणि चहा?" मामांनी विचारलं.

"चहा मशीनचा ठेवू," चुलतभाऊवाले म्हणाले. "पाहुणे असतात, स्वच्छ दिसतं."

स्थानिक मालाचा अभिमान मात्र आम्हाला जबरदस्त आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आमच्या पायताणासारखं पायताण मिरवलं आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा कट्टा पेटला होता. 2019 पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून, हे आम्ही इटलीला मोबाइलवरून मराठीत कळवलं. पुढे प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, दोन हजार जोड, एकेकाची किंमत 800 युरोच्या आसपास. आम्ही पेढे खाल्ले. त्या आठवड्यात चुलतभाऊवाले चप्पल लाइनला गेले. दुकानदारानं कापशी जोडाचे दीड हजार सांगितले.

"दीड हजार? प्राडा लागून गेलास काय रं?" असं म्हणून त्यांनी साडेसातशेपासून सुरुवात केली. तासभर घासाघीस करून, सहा जोड पायात घालून चालून बघून, करकर वाजतंय का ते ऐकून, ते "जरा फिरून येतो" म्हणाले आणि बाहेर पडले. पायात त्यांच्या ऑनलाइन मागवलेले रबरी सँडल होते. कारागिरांची पुढची पिढी या धंद्यात का राहत नाही, यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर अतिशय कळवळून भाषण केलं. डोळ्यात पाणी होतं. सँडल चावत असावेत.

राहता राहिलं मेहुण्याचं भडंग. गाडीचा नाद त्यानं तूर्त सोडला. आमच्या घराचा ओटा रस्त्याला लागून आहे. एका सकाळी मी पेपर वाचायला ओट्यावर आलो तर तिथं टेबल, टेबलावर डबे आणि डब्यांवर वजनकाटा.

"हे काय?" मी विचारलं.

"आक्कानं सांगितलं," मेहुणा म्हणाला.

"मीच सांगितलो," आतून आवाज आला. "तुम्ही कागद गोळा करा. तवर हा धंदा करंल."

ओट्यावर धंदा सुरू झाला, तेव्हा घरफाळ्याचा आकार घरगुती राहतो की व्यापारी होतो, हे आता यायच्या बिलात कळेल. कागद मी गोळा करतोच आहे. फेरीवाला समिती, सर्वेक्षण, हॉकर्स झोन या सगळ्यांची फाइल जाड होत चालली आहे. कट्ट्यावर तिला मान आहे. मेहुण्याच्या डब्यातलं भडंग मात्र दुपारीच संपतं. परवा तर टपरीसमोरचे तेच डॉक्टर स्वतः रांगेत होते आणि त्यांच्या वेळी मेहुण्याचा बोलका डबा "दोनशे रुपये प्राप्त झाले" असं ओरडला. बाईचा आवाज नेहमीपेक्षा गोड वाटला.

तेव्हा कोल्हापुरात आलात तर अंबाबाईचं दर्शन घ्या आणि येताना आमच्या ओट्यावरून जा. भडंग पाव किलोपासून पुढे मिळतं. डबा आणला तर उत्तम, पिशवीचे पैसे लागत नाहीत. उधारी बंद आहे. घासाघीस करायची असेल तर खुशाल करा, मेहुणा मऊ स्वभावाचा आहे, चार रुपये सोडेलही. फक्त गल्ल्यावर त्याची बहीण बसते, हे लक्षात ठेवून करा.